डनक्विनला जाण्याआधी

आयर्लंडला जायचं नक्की झालं तेव्हा मुलानं फोनवर दोन गोष्टी बजावल्या. गरम कपडे भरपूर आण, आणि भाषेची चिंता करू नकोस. "इथं सगळे इंग्रजीच बोलतात, आई. तुझं कुठंही अडणार नाही." तो कॉर्क शहरात औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि त्याचं म्हणणं खरंच आहे. विमानतळ, दुकान, दवाखाना, बस, कुठंही आयरिशवाचून खोळंबा होत नाही. आयरिश बोलणारा जवळजवळ प्रत्येक माणूस इंग्रजीही सहज बोलतो. गरज हा एकच निकष लावला तर ही भाषा शिकायला काही कारण उरत नाही. तरी मी ती शिकते आहे, आणि जूनमध्ये निघेपर्यंत जितकी पदरात पडेल तितकी पाडून घेणार आहे.

सुरुवात नातीमुळे झाली. ती तिथेच जन्मली, आता सात वर्षांची आहे. घरात मराठी, मैदानावर इंग्रजी आणि शाळेत रोज थोडा वेळ आयरिश, कारण तिकडे प्राथमिक शाळेपासून आयरिश हा विषय असतोच. व्हिडिओ कॉलवर आमची शाळा भरते. ती बाई, मी विद्यार्थिनी. एकदा गॅसवरचं दूध बघायला मी मध्येच उठले, तर बाईंनी मला थांबवलं. विचारल्याशिवाय वर्गातून उठायचं नाही, आणि विचारायचं ते आयरिशमधून. मग तिनं वाक्य सांगितलं, तुकडे पाडून, माझ्याकडून घोकून घेत: 'अन विल क्यॅद अगम दुल गो दी अन लेहरस.' मला शौचालयात जायची परवानगी आहे का? आयर्लंडमध्ये शाळा शिकलेल्या माणसाचं बाकीचं आयरिश विरून गेलं तरी हे वाक्य शाबूत असतं, असं मला पुढे कळलं. मी ते म्हटलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, 'ता.' म्हणजे आहे.

त्या भाषेत 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत. प्रश्नात जे क्रियापद आलं तेच उत्तरात परत द्यायचं. आमच्या घरी आजी "जेवलीस का?" म्हणून विचारायची आणि आम्ही "जेवले" म्हणायचो, तसंच. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा व्याकरण दिसलं की माझं मन तिकडे धावतंच. दुसऱ्या दिवशी पुस्तक मागवलं, आणि काही दिवसांनी केरी परगण्यातल्या एका शिक्षिकेचा ऑनलाइन वर्ग सुरू केला.

आयरिश वाक्यात क्रियापद सगळ्यांत आधी येतं. आपलं सगळ्यांत शेवटी. आपला 'का' वाक्याच्या टोकाला, त्यांचा प्रश्नाचा शब्द वाक्याच्या तोंडाशी. आपला 'नाही' शेवटी, त्यांचा नकार पहिल्याच अक्षरात. 'तू काल आलास का' हे वाक्य उलटं धरलं तर आयरिश वाक्याचा सांगाडा जवळजवळ तयार होतो. सुरुवातीला मी मराठी वाक्य मनात जुळवून ते शेवटाकडून वाचायची. काही आठवड्यांनी तो खटाटोप गळून पडला आणि क्रियापद आपसूक आधी यायला लागलं.

इतर गोष्टी मात्र माझ्यासाठी आधीच घरच्या होत्या. 'तो इथे आहे' आणि 'तो इथे असतो' यांतला फरक आपण शिकत नाही, तो आपल्याला असतोच. आयरिशमध्ये तो जसाच्या तसा आहे: आत्तापुरतं असणं वेगळं आणि नेहमीचं असणं वेगळं. आमच्या वर्गातल्या अमेरिकन मंडळींना हे फार जड गेलं. माणसं मोजायची असली की आपण 'दोन' न म्हणता दोघं म्हणतो, मग तिघं, चौघं, आणि तिथे थांबून पाचजण-सहाजणांवर येतो. आयरिश माणूस अशी खास माणसांची मोजणी दहापर्यंत नेतो. उच्चारातही असंच. 'आमचा' म्हणताना आपला 'च' दातांकडे झुकतो आणि 'आमची' म्हणताना टाळूकडे. 'मासा'तला 'स' 'माशाचा' म्हणताना 'श' होतो. शेजारचा स्वर बदलला की व्यंजन कूस बदलतं, हे आपल्या जिभेला ठाऊक आहे. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजन असं दोन प्रकारचं असतं, आणि ते कोणतं हे कळावं म्हणून लिहिताना शेजारी नुसते खुणेचे स्वर ठेवतात. इंग्रजीच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते स्पेलिंग भयंकर दिसतं. मी माझ्या वहीत ते देवनागरीत उतरवते. त यांचाही दंत्य आहे, द यांचाही दंत्य आहे, आणि 'ख' घशातून खरखरीत काढला की तोही बसतो.

ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो प्रकार मात्र आपल्याकडे नाही. आपण विभक्ती लावताना शब्दाचं शेपूट बदलतो: पाणी, पाण्यात, घोडा, घोड्याला. आयरिश माणूस शब्दाचं तोंड बदलतो. 'बॉद' म्हणजे होडी. 'त्याची होडी' म्हणायचं तर 'अ वॉद'. 'तिची होडी', 'अ बॉद'. 'त्यांची होडी', 'अ मॉद'. त्याची, तिची, त्यांची या तिन्हींना शब्द एकच, नुसता 'अ'. होडी कोणाची, हे होडीचं पहिलं अक्षर सांगतं. कान तिकडे ठेवावा लागतो. मी सकाळी भाजी निवडताना हेच म्हणत असते, त्याचं घर, तिचं घर, त्यांचं घर, त्याची गाय, तिची गाय, आणि जीभ हळूहळू न विचारता वळायला लागली आहे. यांतल्या पहिल्या, 'बॉद'चा 'वॉद' करणाऱ्या फेरासाठी पूर्वी अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देत. विसाव्या शतकात जुनी गेलिक लिपी मागे पडून रोमन टंक आला आणि टिंबाच्या जागी 'एच' बसला. सगळ्या शब्दांत विखुरलेले ते 'एच' पाहून जे घाबरतात त्यांनी तिथे टिंब आहे असं समजावं. आपल्याला हिंदीतल्या ड आणि ड़ यांची सवय आहे, आपल्याला ते लगेच पटतं.

पण व्याकरणाच्या गोडीसाठी शिकायला घेतलेली भाषा वेगळ्याच कारणासाठी धरून ठेवावी असं मला वर्गातल्या एका संध्याकाळी वाटलं. आमच्या शिक्षिका डिंगल द्वीपकल्पातल्या. त्यांच्या माहेरी सगळे आयरिश बोलतात, म्हणजे तो भाग गेलताख्त, आयरिश हीच रोजची भाषा म्हणून सरकारनं मान्य केलेला. त्या म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात आठ माणसं आयरिशमधून गप्पा मारत असतात. दार उघडून एक इंग्रजी माणूस आत येतो. त्यानं काही मागितलेलं नसतं. पण त्याला परकं वाटू नये म्हणून आठही जण त्याच क्षणी इंग्रजीवर येतात. तो गेल्यावरही पुढचा अर्धा तास इंग्रजीच चालतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आलेल्याला सामावून घ्यायचं, हा त्यांच्या घरचा संस्कार आहे.

हे मला इतकं ओळखीचं वाटलं की मी वहीत काही लिहायचंच विसरले. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत हे दर महिन्याला होतं. बाराजणांत एक मराठी न येणारा, आणि बारा जण हिंदीत. त्या एकाचा त्यात दोष काय? त्यानं भाषा बदला म्हटलेलं नसतं. आणि आपलाही दोष म्हणवत नाही, कारण आपण सौजन्यानंच वागलेलो असतो. तरी त्या खोलीतून एक भाषा उठून जाते. दोन्ही बाजू सभ्य असताना, कोणी कोणाला न दुखावता भाषा उठून जाते, हे मला फार मोठं दुःख वाटतं. ते टाळणं यजमानाच्या हातात नसतं. तो बदलला नाही तर उद्धट ठरतो. ते पाहुण्याच्याच हातात असतं. पाहुणा दोन वाक्यं बोलला, "मला थोडं येतं, तुमचं चालू द्या" एवढं यजमानाच्या भाषेत म्हणाला, तर यजमान मोकळा होतो. मी डिंगलच्या कुठल्याही स्वयंपाकघरात शिरले तर ते स्वयंपाकघर माझ्यामुळे बदलू नये, एवढ्यासाठी मी हा अभ्यास करते आहे.

या सौजन्यामागे फार मोठी जखम आहे हे इतिहास वाचल्यावर कळलं. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढची वर्षं पीक कुजत गेलं. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, त्याहून जास्त जहाजात बसून देश सोडून गेली. निव्वळ बटाट्यावर जगणारी गरीब कुळं मुख्यतः पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची, आणि आयरिश बोलणारी माणसंही तीच. म्हणून दुष्काळानं भाषेच्या नेमक्या मुळावर घाव घातला. जे उरले त्यांना एवढं स्वच्छ दिसत होतं की आपलं पोर एक दिवस बॉस्टनच्या जहाजात चढणार, आणि तिथे त्याला तारणार ती इंग्रजी.

इंग्रजांनी बंदी घालून ही भाषा मारली, असं म्हणणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. १८३१ पासून सरकारी शाळा आल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या, हे खरं. पण कित्येक गावांत मुलाच्या गळ्यात एक काठी बांधलेली असे. मूल आयरिश शब्द बोललं की काठीवर खाच पाडायची, आणि दिवस संपला की खाचा मोजून छड्या. घरात खाच पाडणारे आईबाप असत. ते एकमेकांशी आयरिशमध्ये बोलत आणि मुलाशी, येईल तशा मोडक्या इंग्रजीत. मुलावर जीव होता म्हणूनच ते तसं वागले. डॅनिएल ओकॉनेल हा त्या काळचा सर्वांत मोठा लोकनेता, केरीचाच, लहानपणी आयरिश बोललेला. त्यानंही सभा इंग्रजीतून गाजवल्या आणि आयरिश मागे पडली तर आपल्याला हळहळ वाटणार नाही असं सांगून टाकलं. आज माझ्या ओळखीतली मराठी जोडपी मुलांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. ती काठी आठवते आणि पोटात कालवतं.

त्यानंतरची कहाणी पुन्हा उभं राहण्याची आहे. डग्लस हाइड या प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या मुलानं रॉसकॉमनमध्ये शेजारच्या शेतकऱ्यांकडून आयरिश शिकून घेतली, १८९३ मध्ये गेलिक लीग काढली, आणि १९३८ मध्ये तोच देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. १९७२ मध्ये गेलताख्तचं स्वतःचं रेडिओ केंद्र आलं, १९९६ मध्ये दूरदर्शन वाहिनी, २००७ मध्ये युरोपीय संघाची मान्यता. पंतप्रधानाला इंग्रजी वर्तमानपत्रंही 'टीशख' असंच म्हणतात. मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेले लिओ वराडकर २०१७ मध्ये त्या पदावर आले तेव्हा तो शब्द मराठी बातम्यांतही दिसला होता. इतकं सगळं झालं. आणि २०२२ च्या जनगणनेत पावणेएकोणीस लाख लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं लिहिलं, म्हणजे दर दहांत चौघांनी. पण शाळेबाहेर ती रोज बोलतो असं म्हणणारे निघाले सुमारे बहात्तर हजार. त्यांतले गेलताख्तमध्ये राहणारे वीस हजारांच्या आसपास. शाळेनं भाषा लाखोंना दिली. ती बोलायला समोर माणूस द्यावा, हे शाळेच्या आवाक्यात नव्हतं.

समोर माणूस आला की काय होतं, याचं जे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे त्यासाठीच मला डनक्विनला जायचं आहे. डिंगल द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला हे गाव, तिथल्या उच्चारात डून खीन. समोर समुद्रात ब्लास्केट बेटं. मोठ्या बेटावर पावणेदोनशेच्या आसपास माणसं राहत, मासेमारी, मेंढ्या, थोडे बटाटे. १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर नावाचा नॉर्वेजियन अभ्यासक तिथे आला. जुनं आयरिश त्याला पुस्तकांतून येत होतं. जिवंत आयरिश त्याला शिकायचं होतं. त्याला शिकवलं तोमास ओ क्रोहन या पन्नाशीतल्या कोळ्यानं. तोमासला आयरिश वाचता-लिहिता येत होतं ते त्यानं मोठेपणी, स्वतःच्या हिकमतीनं मिळवलेलं. मग १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर आला, तोमासपाशीच शिकला, आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. मेल्यावर त्याची रक्षाही त्याच बेटावर विखुरली. मग किलार्नीचा ब्रायन केली आला, त्यानं तोमासला लोती आणि गॉर्की वाचून दाखवले. कोळ्यांची आणि गरिबांची पुस्तकं होऊ शकतात हे तोमासला दिसलं, आणि त्यानं स्वतःचं आयुष्य लिहिलं. १९२९ मध्ये ते पुस्तक निघालं. पाठोपाठ १९३३ मध्ये तरुण मॉरिस ओ सलिव्हनचं, त्यामागे केंब्रिजहून आलेला त्याचा मित्र जॉर्ज टॉमसन. १९३६ मध्ये पेग सेयर्सचं.

एवढ्याशा बेटानं एका भाषेला तीन मोठी पुस्तकं दिली. बेटावरच्या माणसांत प्रतिभा होतीच, ती बाहेरच्यांनी आणली नाही. पण आपलं बोलणं कोणी समुद्र ओलांडून शिकायला येतं, शब्द विचारतं, चुकलं तर पुन्हा विचारतं, यानं काहीतरी हललं असणार. ज्या पाहुण्यासाठी भाषा बदलावी लागते त्याच्यासमोर यजमान नम्र होतो. जो पाहुणा भाषा मागतो त्याच्यासमोर तोच यजमान गुरू होतो.

पेगबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. ती १८७३ मध्ये डनक्विनच्या बाजूला जन्मली आणि लग्न होऊन बेटावर गेली. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. तिनं आपली जीवनकथा मुलाला सांगितली आणि त्यानं ती उतरवून घेतली. शिवाय शेकडो लोककथा तिनं संग्राहकांना सांगितल्या. हे वाचताना जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवल्याशिवाय कशा राहतील? त्या १८८० च्या, अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात ओठांवर आलेलं सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. एक अटलांटिकच्या वाऱ्यात, दुसरी खानदेशच्या उन्हात, आणि दोघींचा लेखनिक पोटचा मुलगा. पेगचं पुस्तक पुढे शाळांत सक्तीचं झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याचा कंटाळा केला. एका जिवंत बाईचं बोलणं परीक्षेच्या प्रश्नात बांधलं की असं होतं. वर्गात बहिणाबाई शिकवताना मीही प्रश्नोत्तरं बाजूला ठेवून आधी नुसतं मोठ्यानं वाचायची, मुलींना म्हणायला लावायची. पेगलाही तसंच ऐकायला हवं. १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारनं बेटावरच्या उरलेल्या बावीस माणसांना इकडच्या किनाऱ्यावर आणलं. आता उन्हाळ्यात होड्या पर्यटकांना घेऊन जातात आणि घरांच्या भिंती दाखवून परत आणतात.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण तिनं मला धीर दिला. ही वाट उलट्या बाजूनं आधीच चाललेली आहे. डब्लिनचा व्हिटली स्टोक्स हिंदुस्थानात कायद्यांचे मसुदे करायला आला आणि फावल्या वेळात मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितं संपादित करत बसला. त्यांतलं एक पुस्तक १८७७ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. आणि डब्लिनजवळच जन्मलेल्या जॉर्ज ग्रियर्सननं भारतीय भाषांची ती अवाढव्य पाहणी केली. तिचा १९०५ चा सातवा खंड मराठीचा आहे. त्यातले कुडाळीचे, वऱ्हाडीचे, हळबीचे नमुने मी एम.ए.ला असताना ग्रंथालयात बसून उतरवून घेतले होते. आमची बोली कान देऊन टिपणाऱ्या माणसाच्या देशात जायचं तर तिथल्या बोलीला आपणही कान द्यावा, ही परतफेड मला आवडते.

रात्री जेवणं झाली की मी त्यांचं गेलताख्त रेडिओ लावते. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. पहिले काही आठवडे नुसता आवाज कानावरून जायचा. मग माणसांची नावं सुटी ऐकू आली, मग गावांची. निधनवार्ता सगळ्यांत आधी समजायला लागल्या, कारण त्यांचा साचा ठरलेला असतो: कोण गेलं, कुठल्या वाडीचं, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये. ओळख ना पाळख, तरी मी त्या माणसांसाठी क्षणभर थांबते. गाणी अजून कळत नाहीत, ती विनासाथीची, लांबलचक, गळ्यात घोळवत म्हटलेली असतात. पण कॉनमाराचा बोलणारा आणि केरीचा बोलणारा आता मला वेगळा ऐकू येतो. मी केरीची बोली धरली आहे. नातीची शाळाही कॉर्कला, म्हणजे मन्स्टर प्रांतातच, त्यामुळे आमच्या दोघींचं फारसं बिनसत नाही. 'कशी आहेस' हे ती 'कोनस ती' म्हणते, मीही. उत्तरेत डोनेगलला गेलं तर तिथे वेगळं म्हणतात, आणि तेही बरोबरच.

गेलताख्तमध्ये एक चांगली रीत आहे. दर उन्हाळ्यात हजारो मुलं आयरिश शिकायला तिथल्या घरांत येऊन राहतात. घरच्या बाईला 'बॅन अन ती' म्हणतात, आणि तिच्या घरात आयरिशच बोलायचं असा नियम असतो. आमच्या शिक्षिकेच्या ओळखीनं डनक्विनजवळच्या अशा एका बाईंकडे आम्ही चार रात्री उतरणार आहोत. मी त्यांना पत्र लिहिलं, त्यात एवढंच मागितलं की मला आणि नातीला आयरिश थोडंफार येतं, मुलगा आणि सून ऐकून घेतील, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तुम्ही आमच्यासाठी भाषा बदलू नका. आम्हाला कळलं नाही तर आम्ही सावकाश परत सांगायला सांगू. परवा त्यांचं उत्तर आलं, अख्खं आयरिशमध्ये. कोश मांडीवर घेऊन वाचलं. त्यांनी विचारलं आहे, तुम्ही नक्की किती जण, मुलगी केवढी, मासे चालतात का, आणि बेटावर जायचा दिवस आधी ठरवू नका, समुद्र काय म्हणतो ते सकाळी बघू. आम्ही चौघं आहोत आणि सुनेला मासे चालत नाहीत, हे दोन्ही मला लिहिता येतंय. समुद्राबद्दलच्या वाक्याला उत्तर काय द्यायचं ते गुरुवारच्या वर्गात विचारून मग पत्र पाठवीन.